बैलाची जात आणि कुत्र्याचे नाव

अकोले तालुक्यातील राजूर येथे डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. डांगी ही सह्याद्रीच्या या अतिपावसाच्या पट्ट्यातली, अकोले-इगतपुरीपासून डांगपर्यंत पसरलेली गोजात. ती कशी ओळखावी आणि कशी निवडावी याचे शास्त्र तेथे जमलेल्या कोणत्याही वयस्क शेतकऱ्याला तोंडपाठ असते. कातडी तेलकट हवी, म्हणजे घाटमाथ्याचा धुवाधार पाऊस अंगावरून निथळून जातो. खूर काळे आणि टणक हवेत, म्हणजे भातखाचराच्या चिखलात टिकाव लागतो. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे डाग कसे पडले आहेत हेही पाहिले जाते. हाच शेतकरी घरी परततो तेव्हा त्याच्या वस्तीवर सर्वांत आधी एक कुत्रा त्याला सामोरा येतो. त्या कुत्र्याची जात कोणती असे विचारले, तर उत्तर एका शब्दात मिळते : गावठी.

आपल्याला साजेसा कुत्रा कोणता, हा प्रश्न आज शहरी मध्यमवर्गाला फार पडतो. घर केवढे, मुले किती, फिरवायला वेळ कोणाकडे, केस किती गळतात असे सगळे हिशेब त्यात मांडले जातात. त्यावरची मार्गदर्शने वाचताना आम्हाला वाटत आले आहे की हा प्रश्न नवा असला, तरी निवड नवी नाही. निरनिराळ्या काळी माणसांनी निरनिराळ्या कसोट्यांवर कुत्रा निवडला. मात्र बैल, घोडा, गाय यांच्या बाबतीत जी काटेकोर भाषा मराठीने घडवली ती कुत्र्याच्या वाट्याला कधी आली नाही. असे का झाले, याचा शोध प्रवरेच्या काठाने घेण्याचा हा एक प्रयत्न आहे. प्रवरा अकोले तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात उगम पावते, आणि या कथेतली बरीचशी पात्रे तिच्याच खोऱ्यात भेटतात, हा एक सोयीचा योगायोग आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. घोड्यासाठी मराठीत अबलख, कुमैत, पंचकल्याणी असे शब्द आहेत, अंगावरच्या भोवऱ्यांची शुभाशुभ परीक्षा आहे. गोधनासाठी खिल्लार, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ, डांगी अशी नावे आहेत, आणि प्रत्येक नावामागे एक भूप्रदेश आहे. कुत्र्यासाठी मात्र काळ्या, पांढऱ्या, ठिपक्या, झिपऱ्या ही विशेषणेच आहेत, आणि ती जातीची नसून त्या एका कुत्र्याची आहेत. म्हणजे बैलाला आपण जात दिली आणि कुत्र्याला नाव दिले. 'गावठी' या शब्दाची गंमतही येथे नोंदवण्याजोगी आहे. कोंबडी गावठी असली की तिचा भाव वाढतो, अंडे गावठी असले तर डॉक्टरसुद्धा शिफारस करतो. कुत्रा गावठी असला की मात्र तो फुकट द्यावा लागतो, आणि फुकट देऊनही कोणी नेत नाही. एकच विशेषण एका प्राण्याला मोठे करते आणि दुसऱ्याला खाली ढकलते, तेव्हा अर्थ त्या विशेषणात नसतो. तो विशेष्याबद्दलच्या आपल्या जुन्या भावनेत असतो.

ही भावना किती जुनी आहे? प्रवरेच्याच काठी, अकोल्याच्या बरेच खाली दैमाबाद हे ताम्रपाषाणयुगीन स्थळ आहे. १९५८ साली त्याचा शोध लागला आणि १९७४ साली तेथे चार भरीव तांब्याच्या मूर्तींचा प्रसिद्ध साठा मिळाला : हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. या साठ्याच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, त्यांत आम्ही शिरत नाही. आमचे लक्ष आहे ते रथाकडे. रथात एक पुरुष उभा आहे, पुढे बैलांची जोडी आहे, आणि दोहोंच्या मध्ये, रथाच्या दांडीवर, एक कुत्रा उभा आहे. बैल जुंपलेले आहेत, कुत्रा जुंपलेला नाही. त्याच्यावर कोणतेही काम लादलेले दिसत नाही, तरी तो त्या सगळ्या प्रवासाच्या ऐन मध्यभागी आहे. घडवणाऱ्याने त्याला वगळले असते तर रथाचे काहीच अडले नसते. तो वगळला गेला नाही, ही आमच्या मते या खोऱ्यातील कुत्र्याच्या इतिहासाची पहिली नोंद होय. चालत्या गाडीखालच्या कुत्र्याची आपली म्हण कुत्र्याच्या अहंकाराला हसते. दैमाबादच्या कारागिराने मात्र त्याला गाडीखाली न ठेवता गाडीवर चढवले होते.

निवडीचे लेखी शास्त्र त्यानंतर पुष्कळ उशिरा येते, आणि ते संस्कृतात येते. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील 'बृहत्संहिते'त श्वलक्षणाचे एक छोटेखानी प्रकरण आहे. तीन पायांना पाच-पाच नखे आणि उजव्या पुढच्या पायाला सहा, ओठ आणि नाकाचा शेंडा तांबूस, चाल सिंहासारखी, जमीन हुंगत जाण्याची सवय, शेपटी झुपकेदार, कान लोंबते आणि मऊ : असा कुत्रा पाळणाऱ्याच्या घरी लक्ष्मी नांदते. कुत्रीसाठी सहावे नख डाव्या पायाला हवे. कुत्र्याची नखे मोजून पिल्लू निवडण्याची रीत आपल्याकडे खेडोपाडी अजून पूर्ण गेलेली नाही. ती वराहमिहिराकडून खेड्यात आली की खेड्यातून वराहमिहिराकडे गेली, हे ठरवण्याच्या फंदात न पडणे बरे. येथे एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. या निवडीत वंश नाही, वंशावळ नाही. कुत्रा कोणाच्या पोटी जन्मला याला महत्त्व नाही, अंगावर कोणते चिन्ह घेऊन जन्मला याला आहे. लक्ष्मी कोणत्याही उकिरड्यावर जन्माला येऊ शकते, फक्त तिची नखे मोजता आली पाहिजेत.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' रचला. हा ग्रंथ मराठीच्या विद्यार्थ्याला परिचित असतो तो त्यातल्या मराठी भाषेच्या जुन्या नमुन्यांमुळे. त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, सारमेयविनोदही आहे. सारमेय म्हणजे सरमेचे पुत्र, अर्थात कुत्रे. येथे कुत्र्यांची वर्गवारी प्रदेशावरून होते, त्यांची पैदास, पालन आणि शिकारीतील उपयोग यांचा विचार होतो. दख्खनच्या एका राजाने आठशेहून अधिक वर्षांपूर्वी कोणत्या देशचा कुत्रा कशासाठी, असा प्रश्न रीतसर विचारला होता. पण प्रश्न विचारणारा राजा होता आणि कुत्रा त्याच्या शिकारीचा होता. राखणीच्या कुत्र्याबद्दल राजाला कुतूहल असण्याचे कारण नव्हते.

दरबाराबाहेर चित्र वेगळे होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांची वस्ती गावाबाहेर सांगितली आहे आणि कुत्री व गाढवे हेच त्यांचे धन ठरवले आहे. श्वपच या शब्दातच कुत्रा आहे. एका माणसाला हीन ठरवण्यासाठी एका प्राण्याचा उपयोग केला, की तो प्राणीही त्या माणसाबरोबर वेशीबाहेर जातो. गाईची निवड करणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली, कुत्र्याची निवड करणे ही सांगण्याची गोष्ट उरली नाही. आमच्या मते मराठीतील त्या शब्ददारिद्र्याचे एक मोठे कारण हे आहे. ज्यांच्याकडे लेखणी होती त्यांच्या अंगणात कुत्रा सोवळ्याला आड येत असे, आणि ज्यांच्या बरोबरीने तो रानात, कुरणात, गावकुसाबाहेर राहत होता त्यांच्या हाती लेखणी नव्हती. त्यांच्या बोलीत कुत्र्यांविषयी किती शब्द होते आणि त्यांतले किती विरले, हे आता कोशांवरून कळणार नाही.

या व्यवस्थेला तडे देणारी परंपराही याच खोऱ्यातली. गीतेच्या पाचव्या अध्यायात ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक यांच्याकडे ज्ञानी समदृष्टीने पाहतो असा प्रसिद्ध श्लोक आहे. त्याचे मराठी निरूपण ज्ञानदेवांनी १२९० साली जेथे केले ते नेवासे प्रवरेच्याच तीरावर आहे. नामदेवांची आख्यायिका तर घरोघरी ठाऊक आहे : कुत्र्याने कोरडी पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्रे बसतात आणि भाविक त्यांना चार वेद म्हणतात. दत्ताच्या तसबिरीतले ते चार कुत्रे कोणत्या जातीचे, असा प्रश्न आजवर एकाही भाविकाला पडलेला नाही, आणि ते योग्यच आहे. वेदांना 'गावठी' म्हणण्याची सोय तेथे नाही.

खंडोबाच्या परंपरेत कुत्रा याहून अधिक जवळ येतो. देव घोड्यावर आणि कुत्रा सोबत, ही खंडोबाची ओळखीची प्रतिमा आहे. त्याचे भक्त वाघ्ये पूर्वी कुत्र्यासारखे भुंकत आणि कोटंब्यातले अन्न तोंडाने खात. आपण देवाचे कुत्रे आहोत ही त्यांची दीनता होती आणि अभिमानही होता. पण त्यांचे नाव पाहा : वाघ्या. भुंकतो कुत्र्यासारखा, नाव वाघाचे. महाराष्ट्रातील असंख्य कुत्र्यांची नावेही वाघ्या आणि खंड्या हीच आहेत. मूर्तीपासून वस्तीवरच्या दारापर्यंत हा नावाचा प्रवास आहे, आणि त्यात जातीचा मागमूस नाही.

मराठेशाहीतील दोन प्रसिद्ध कुत्री हीच नावे धारण करतात. सातारकर शाहू महाराजांच्या खंड्याची हकिगत ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात नोंदवली आहे. शिकारीत या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला होता. उतारवयात महाराजांनी त्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घातले, आपले पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले. त्याच्या नावे जहागिरीची सनद आणि पालखीचा सरंजाम होता. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. डफला यात मनाचा तोल गेल्याचे लक्षण दिसले. आम्हाला त्यात राज्यकारभाराच्या भाषेचा एक विलक्षण वापर दिसतो. जहागीर, पालखी, पागोटे हा माणसाच्या जातकुळीला मिळणारा मान होता, तो येथे केवळ एका कृत्याबद्दल एका कुत्र्याला मिळाला. खंड्याच्या आईबापांची चौकशी कोणी केल्याचे दिसत नाही. ज्या दरबारात प्रत्येक सरदार आपल्या वतनाचा कागद मांडीखाली घेऊन बसला होता, तेथे ही गोष्ट अगदीच किरकोळ नव्हती.

दुसरा रायगडावरचा वाघ्या. त्याचे स्मारक १९३६ साली उभे राहिले, आणि त्याला इंदूरच्या तुकोजीराव होळकरांचे साहाय्य झाले होते. शिवकालीन साधनांत या कुत्र्याचा पुरावा मिळत नाही. लोकमानसात तो रुजला त्यात राम गणेश गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' या अपुऱ्या राहिलेल्या नाटकाचा वाटा मोठा आहे. २०११ साली ही मूर्ती हटवली गेली आणि पुन्हा बसवली गेली, २०२५ साली ती काढण्याची मागणी नव्याने झाली. इतिहासाच्या शिस्तीचा विचार करता पुराव्याची मागणी करणाऱ्यांचे म्हणणे टाळता येत नाही, हे आम्ही स्पष्ट म्हणतो. तरीही साहित्याच्या अभ्यासकाने यात एक गोष्ट पाहावी. चितेत उडी घेणारा कुत्रा ही कथा लोकांनी इतकी आपली मानली, कारण तिच्यात निष्ठेला वंश लागत नाही. होळकरांचे कुलदैवत खंडोबा, हा संबंधही डोळ्यांआड करू नये.

वंश लागतो तो मुधोळात. मुधोळ संस्थान घोरपड्यांचे, मराठी राजघराण्याचे. आज ते कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात येते. लांब पायांचा, आत ओढलेल्या पोटाचा, नजरेने सावज हेरून धावणारा जो कुत्रा महाराष्ट्रात कारवान म्हणून ओळखला जातो, त्याची जोपासना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मालोजीराजे घोरपडे यांनी केली. त्यांनी या कुत्र्यांची जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली आणि तेव्हापासून मुधोळ हे नाव जगापुढे गेले, असे सांगितले जाते. एकाच कुत्र्याला एक श्वानसंस्था कारवान म्हणते, दुसरी मुधोळ. पहिल्या नावात तांड्याबरोबर आलेल्या फिरत्या माणसांची आठवण आहे, दुसऱ्यात राजवाड्याची. प्राणी तोच असताना त्याचा इतिहास तांड्याच्या खाती लिहायचा की राजाच्या, हा प्रश्न नावातच उभा आहे. प्रतिष्ठा अर्थातच दुसऱ्या नावाला अधिक लाभली. २००५ साली टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली त्यांत मुधोळ होता, आणि पुढे तो सैन्यदलाच्या मेरठच्या श्वानकेंद्रातही पोचला. १९६३ साली मुंबईत 'द इंडियन डॉग' हे पुस्तक लिहिणाऱ्या वि. वा. सोमणांपासून २०१७ साली देशी कुत्र्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या थिओडोर भास्करन यांच्यापर्यंत अनेकांनी या देशी वंशांची बाजू मांडली आहे. ती न्याय्यच आहे. मात्र कारवान हा उघड्या माळावर सशामागे सुटणारा कुत्रा. अकोल्याच्या उसात आणि करवंदीच्या जाळीत त्याच्या वेगाला वाव नाही. उत्तम जात आणि उपयोगी जात एकच असेल असे नाही.

'शुद्ध जात' ही आज आपल्याला सनातन वाटणारी कल्पना मुळात एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडची आहे. लंडनचा केनेल क्लब १८७३ साली निघाला. बंद नोंदवही, कागदावरची वंशावळ, प्रदर्शनातले गुण हा सगळा सरंजाम त्या सुमाराचा आहे. आज दिसणाऱ्या बहुसंख्य पाश्चात्य जातींना दोनशे वर्षांचाही इतिहास नाही. उलट ज्याला आपण मिश्र, भेसळ, गावठी म्हणतो तो आपला कुत्रा अनेक जातींच्या मिश्रणाने झालेला नाही. जाती वेगळ्या काढल्या जाण्याच्या कितीतरी आधीपासून तो जसा होता तसा आहे. इंग्रजीतला 'ब्रीड' मराठीत आला तेव्हा त्याच्यासाठी आपल्याकडे 'जात' हाच शब्द तयार होता, आणि त्याने नवी कल्पना फार सहज पचवली. शुद्ध रक्त, उच्च कूळ, कागदपत्रे, सोयरिकीची काळजी हे शब्द कोणालाही शिकवावे लागले नाहीत. १९३६ साली, म्हणजे रायगडावर वाघ्याचे स्मारक उभे राहिले त्याच वर्षी, डॉ. आंबेडकरांनी 'जातिनिर्मूलना'च्या आपल्या प्रबंधात रक्तशुद्धीच्या युक्तिवादाचा समाचार घेतला. तो वाचलेल्या वाचकाने श्वानप्रदर्शनाचे माहितीपत्रक एकदा अवश्य वाचावे. भाषा कोठून कोठे स्थलांतर करते, हे त्याला आपोआप दिसेल.

साहेबाच्या राज्यात शहरातला बेवारशी कुत्रा हा प्रथमच शासनाचा प्रश्न झाला. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला, कारण त्यांच्या अंत्यविधीत मृताला कुत्र्याची दृष्टी पडावी लागते. त्या विधीसाठी चार डोळ्यांचा, म्हणजे डोळ्यांवर दोन ठिपके असलेला कुत्रा उत्तम मानतात. ऋग्वेदातील यमाचे दोन कुत्रेही चार डोळ्यांचेच आहेत. ही आणखी एक निवड, आणि तीही वंशाने नव्हे, चिन्हाने. या मुंबईच्या कुत्र्याला वंशावळ मिळाली ती अरुण कोलटकरांच्या हातून. 'काळा घोडा पोएम्स' (२००४) मधला रस्त्यावरचा कुत्रा आपले एक कूळ सर बार्टल फ्रिअरने विलायतेहून आणवलेल्या शिकारी कुत्र्यांपर्यंत नेतो आणि दुसरे थेट युधिष्ठिराच्या कुत्र्यापर्यंत. वंशावळीच्या सोसाची इतकी गोड टवाळी आमच्या वाचनात दुसरी नाही. त्याआधीच्या 'जेजुरी'त पडक्या देवळाच्या गाभ्यात एक कुत्री पिल्ले घालून राहते, आणि खंडोबाच्या गावात तिचे तेथे असणे कोलटकरांना खटकत नाही.

स्वातंत्र्योत्तर मध्यमवर्गाची निवड चित्रपट आणि जाहिराती यांच्या मागून गेली, हे थोडक्यात सांगून पुढे जाऊ. पांढरा केसाळ 'पामेरियन' १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' पासून घरोघरी दिसू लागला. २००३ साली हच या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीतला पग आला आणि चपट्या नाकामुळे उन्हाळ्यात धापा टाकणारा तो जीव तालुक्याच्या गावांतही पोचला. पिल्लू घेणारे वर्णन वाचतात : अमुक जात प्रेमळ, तमुक तापट. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातील फरकांपैकी जेमतेम नऊ टक्के फरक जातीवरून सांगता येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही २०२४ साली केंद्र सरकारने तेवीस जाती 'हिंस्र' ठरवून त्यांवर बंदीचे परिपत्रक काढले आणि ते कर्नाटक उच्च न्यायालयात टिकले नाही. स्वभाव जातीवरून ठरतो, ही समजूत कुत्र्यांच्या बाबतीत तरी निरुपद्रवी असेल असे वाटत होते. तीही तशी नाही.

आता अकोल्याकडे परत वळू, कारण येथे निवड करणारा आणखी एक जण आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. पुढच्या काळात कालवे, उपसा सिंचन, ऊस आणि अगस्ती सहकारी साखर कारखाना यांनी तालुक्याच्या सपाटीचे रूप पालटले. उभ्या उसात बिबट्या राहू लागला, वाढू लागला. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तितकेच तरस आढळले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेथे जंगल नव्हते. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहत होती, आणि हरणासारखे मोठे वन्य भक्ष्य जवळजवळ नव्हते. मग बिबट्या खात काय होता? त्याच चमूने बिबट्याच्या विष्ठेचे ८५ नमुने तपासले. आहारातील सत्त्याऐंशी टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा एकोणचाळीस टक्के. शेळ्या संख्येने कुत्र्यांहून कितीतरी अधिक असूनही त्यांचा वाटा अकरा टक्केच होता.

या आकड्यांचा आम्ही लावतो तो अर्थ असा. शेळी रात्री गोठ्यात कोंडली जाते, कारण तिला किंमत आहे. कुत्रा रात्री मोकळा असतो, कारण मोकळे असणे हेच त्याचे काम आहे. तो भुंकतो, घरातली माणसे जागी होतात, विजेरी पेटते, शेळी वाचते. पुष्कळदा कुत्राही वाचतो. एखाद्या रात्री तो वाचत नाही. वस्तीवरच्या शेतकऱ्याने कुत्रा निवडला तो हे सर्व जाणून. त्याला बलदंड कुत्रा नको असतो, बलदंड कुत्रा बिबट्याच्या अंगावर जातो आणि मरतो. त्याला कानाचा तिखट आणि घशाचा मोठा कुत्रा हवा असतो. किंबहुना एकापेक्षा दोन हवे असतात. जातिवंत, महागडे पिल्लू येथे कोणी बांधत नाही याला दारिद्र्य हे एक कारण असेल, पण ते पुरेसे कारण नव्हे. बैलाची पैदास माणूस ठरवतो, म्हणून बैलाला जात येते. येथल्या कुत्र्याची पैदास माणूस ठरवत नाही. त्यातून कोण राहतो आणि कोण जातो हे दर रात्री उसातला प्राणी ठरवतो. जो सावध तो उरतो, त्याची पिल्ले उरतात. राजूरच्या प्रदर्शनात बसणारा परीक्षक दिसतो. हा परीक्षक दिसत नाही.

हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा बांधतात, कारण बिबट्या गळाच धरतो. २०२५ च्या अखेरीस शेजारच्या पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात, माणसेच असे पट्टे गळ्यात घालून शेतात जाऊ लागल्याच्या बातम्या आल्या. कुत्र्याच्या गळ्यातली वस्तू माणसाच्या गळ्यात आली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिची छायाचित्रे छापली. कुत्र्याने आपल्या वतीने काय पत्करले होते, ते कदाचित तेव्हा प्रथमच लक्षात आले असेल. आणि 'पत्करले' हा शब्दही आमचा. त्याला कोणी विचारले नव्हते. येथे आम्ही शेतकऱ्याला दोष देत नाही. ज्याच्या घराला धड दरवाजा नाही आणि ज्याचे मूल अंगणात झोपते त्याने कुत्रा मोकळा ठेवू नये, असे पुण्यामुंबईच्या बंद सदनिकेतून सांगणे सोपे आहे. पण हा सौदा आहे, आणि त्यात मोबदला एकाच बाजूने मोजला जातो, हे लिहून ठेवलेच पाहिजे. आमच्या ग्रामीण कथेत बैल मेल्याचे दुःख पानेच्या पाने भरून आले आहे. वस्तीवरून रात्रीतून नाहीसा झालेला कुत्रा आमच्या वाचनात क्वचितच भेटला.

याच तालुक्यातील आदिवासी गावांत आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस साजरी होते. इतरत्र त्या दिवशी गाय-वासरू पुजतात, येथे वाघोबाची पूजा होते, गुराखी पोरे वाघ होतात, अस्वल होतात, आणि गुरांना त्रास देऊ नको असे देवाला विनवले जाते. येथे बिबट्यालाही वाघच म्हणतात. म्हणजे ज्याला नैवेद्य दाखवायचा तोही वाघ, आणि जो दारात बसून त्याच्यावर भुंकायचा तो वाघ्या.

वस्तीवर नवे पिल्लू येते ते बहुधा शेजारच्या वस्तीवरून, पोराच्या सदऱ्यात गुंडाळून. सात-आठ पिल्लांतून ते कसे निवडले असे विचारले तर म्हातारी माणसे सांगतात, मानेला धरून उचलले की जे ओरडत नाही ते घ्यावे; कोणी सांगतात, जे आधी अंगावर येते ते घ्यावे; कोणी अजून नखे मोजतात. नाव शोधण्यात मात्र वेळ जात नाही. आधीच्या वाघ्याचे नाव मोकळेच असते, तेच त्याला दिले जाते.